पुनर्वापरित प्लास्टिक आणि नॅनो भरणद्रव्ये : एक चिकित्सा

प्रस्तावना : मुळा-मुठेच्या काठावरील खराडीचे गेल्या काही दशकांत माहिती तंत्रज्ञानाच्या केंद्रात रूपांतर झाले आहे. येथील गृहसंकुलांच्या सुक्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या, डबे आणि पाण्याच्या बाटल्या, म्हणजेच पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन व पीईटी, एकत्र येतात. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक हे वर्गीकरण हाताने करतात. मिसळलेल्या मालाला मात्र भाव कमी मिळतो. नॅनो भरणद्रव्यांमुळे अशा मिश्रणाला बळकटी येते, असा दावा केला जातो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन : या दाव्याला भक्कम पूर्वाधार आहे. जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये सुमारे ४ ते ५ टक्के मृत्तिका मिसळून त्याचे उष्णता-विरूपण तापमान सुमारे ६५ अंशांवरून १५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेले. मृत्तिकेचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे असतात. ते सुटे होऊन पसरले, तर अल्प प्रमाणातही ताण पेलणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो.

परंतु ते नायलॉन शुद्ध व एकजिनसी होते. कचऱ्यातील पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन परस्परांत विरघळत नाहीत. त्यांच्या सीमेवरच वस्तू तडकते. तेथे सुसंगतीकारकाची गरज भासते. शिवाय वारंवारच्या उष्णतेने तुटलेल्या बहुवारिक साखळ्या भरणद्रव्य जोडू शकत नाही. मृत्तिकेवरील अमोनियम संयुगे सुमारे २०० अंशांपासून विघटित होऊ लागतात, तर पीईटी वितळण्यास सुमारे २५० अंश लागतात. ताठपणा वाढला तरी आघातसहनशीलता अनेकदा घटते. म्हणून केवळ ताणबलाचे आकडे देणारे निष्कर्ष अपुरे ठरतात.

आरोग्याचा प्रश्नही दुय्यम नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका प्रकारच्या बहुभित्तीय कार्बन नलिकांना संभाव्य कर्ककारक ठरविले. दाणे तयार करणाऱ्या लहान कारखान्यात अशी भुकटी हाताळली गेल्यास तिची धूळ कामगाराच्याच श्वासात जाणार.

निष्कर्ष : २०२२ च्या नियम-सुधारणेने वेष्टनांत पुनर्वापरित प्लास्टिकचा अंश बंधनकारक केल्यामुळे या संशोधनाचे महत्त्व वाढले आहे. तथापि त्याची कसोटी प्रत्यक्ष कचऱ्यावर, आघात व पुनःप्रक्रियेच्या चाचण्यांसह व्हावयास हवी. नॅनो भरणद्रव्य हे वर्गीकरणाला पर्याय नसून पूरक आहे. वेचकाच्या हातांनी केलेली निवड जितकी चोख, तितकेच प्रयोगशाळेचे यश टिकाऊ ठरेल.