उभं-आडवं आणि सुलट-उलट

कर्जतच्या गाडीने कल्याण सोडलं की पहिलं स्थानक विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, त्यातून हे शहर उभं राहिलं आणि पुढे जीन्सच्या शिलाईसाठी नावाजलं. इथल्या फलाटावर हमखास दिसणारा वेश म्हणजे जीन्स आणि टी-शर्ट. दोन्ही बहुधा सुतीच. पण एक मागावरचं, दुसरं होजिअरीचं. ही दोन कापडं सावकाश वाचण्यासारखी आहेत.

आधी जीन्स. तिच्या डेनिम कापडाचे उभे धागे निळे, आडवे पांढरे. आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि तिघांच्या खालून जातो. पुढच्या ओळीत हीच चाल एक धागा सरकते. त्या सरकण्यातूनच कापडावर तिरकी रेघ उमटते. तीन हिस्से निळं वर राहतं, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकी. शिवाय नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही. गुडघा, खिशाची कड घासत गेली की आतला पांढरा गाभा वर येतो आणि वापरणाऱ्याच्या सवयी कापडावर उमटतात. हीच झीज कारखान्यात घाईने आणायची तर धुलाई लागते, आणि त्या धुलाईच्या रंगीत पाण्याने वालधुनी नदीचं काय केलं तेही उल्हासनगरकर जाणतात.

उभे-आडवे धागे ताठ बसलेले असल्याने डेनिम सरळ ओढलं तर फारसं हलत नाही. थोडं ताणलं जातं ते तिरकं ओढल्यावर. अंगाचा गोलावा त्याला शिवणीतूनच शिकवावा लागतो. कमरेखाली, मागच्या बाजूला बसवलेला तिरक्या कापाचा योक नावाचा तुकडा ते काम करतो. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून महत्त्वाची शिवण दुमडून दुहेरी घातलेली असते.

टी-शर्टात उभं-आडवं काही नाहीच. धागा फास घेत जातो आणि प्रत्येक फास खालच्या फासातून डोकं वर काढतो. बाहेरून व्हीच्या आकाराच्या रांगा दिसतात, आतून अर्धगोलांच्या. स्वेटर विणणाऱ्या आजीला विचारा. ती क्षणात सांगेल, ही सुलट बाजू, ही उलट. आडवं ओढलं की फास रुंदावतात आणि उंचीला कमी होतात. सोडलं की बऱ्याच अंशी परत येतात. कापडाचा लवचिकपणा धाग्यात नसून या वळणात आहे. मागाला हजारो वर्षांचा इतिहास आहे; फास घालणारं यंत्र मात्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये केलं, तेही मोज्यांसाठी. टाच आणि घोट्याभोवती घट्ट बसायचं तर असंच कापड हवं.

या मोकळेपणाची किंमतही आहे. एक फास तुटला की वरखालचे निराधार होतात आणि शिडीसारखी उसवण धावत जाते. म्हणून होजिअरी शिवताना गोल टोकाची सुई लावतात. ती फास न तोडता बाजूला सारते. शिवण ओव्हरलॉकची, कापडाबरोबर ताणणारी. गळ्याला एक सुलट-एक उलट अशी पट्टी, कारण ती चांगली आवळून राहते. आणि खांद्याच्या शिवणीत बऱ्याचदा न ताणणारी पट्टी घातलेली असते, नाहीतर खांदे ओघळतील.

माझ्या मते इथेच दोघांचं मर्म आहे. मागावरच्या ताठ कापडाला कारागीर वळण देतो, होजिअरीच्या वळणदार कापडाला जागोजागी ताठपणा देतो. म्हणजे चांगली शिलाई ही कापडाच्या उणिवेला दिलेलं उत्तर असते. पुढच्या खरेदीत किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी कपडा उलटा करा, आडवा ओढून सोडा आणि शिवण पाहा. कारागिराने कापड ओळखलं होतं की नाही, ते तिथेच कळेल.