संयमाचा उपदेश आणि ज्ञानाची वाटणी

शाळेत असताना विज्ञानाच्या पुस्तकातले मानवी प्रजननाचे प्रकरण आम्हाला शिकवले गेले नाही. ‘घरी वाचा’ म्हणून गुरुजींनी पाने उलटली. ज्यांच्या घरी पुस्तके होती, वाचलेले समजावून सांगणारी माणसे होती, त्यांच्यासाठी ती सूचना असेल. आमच्या घरात मीच पहिला वाचणारा. माझ्यासाठी आणि वर्गातल्या वस्तीवरच्या मुलींसाठी ‘घरी वाचा’चा अर्थ ‘तुम्हाला हे कळायचे नाही’ एवढाच होता. लैंगिक शिक्षणाचा वाद हा नीतीचा वाद आहे असे भासवले जाते. वास्तविक तो ज्ञानाच्या वाटणीचा वाद आहे.

सरकारी पैशाने केवळ संयमाचा उपदेश करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९६ साली तेथील केंद्र सरकारने त्यासाठी वर्षाला पाच कोटी डॉलरची तरतूद केली. केंद्राच्या प्रत्येक चार डॉलरमागे राज्याने तीन घालावेत अशी अट होती. ही तरतूद कोणत्या कायद्यात आली, हे नीट पाहिले पाहिजे. ती शिक्षणाच्या कायद्यात आली नाही. गरीब मातांना १९३५पासून हक्काने मिळणारी मदत ज्या कायद्याने मोडीत काढली, त्याच कायद्यात ती आली. एका हाताने भाकरी काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने उपदेश दिला.

या कायद्यात संयमशिक्षणाची आठ कलमी व्याख्या होती. ती एखादी साहित्यकृती वाचावी तशी वाचली, तर तिच्यामागचे मन उघडे पडते. विवाहातील एकनिष्ठ संबंध हाच मानवी लैंगिक व्यवहाराचा अपेक्षित दंडक, असे ती सांगते. विवाहाबाहेरच्या अपत्याने समाजाचे नुकसान होण्याचा संभव असतो, असे सांगते. आणि लैंगिक संबंधांपूर्वी माणसाने स्वावलंबी व्हावे, असेही शिकवायला लावते. हे शेवटचे कलम या कायद्याचा आत्मा आहे. जो स्वतःच्या पायावर उभा नाही, त्याला शरीर असण्याचाही अधिकार नाही! दारिद्र्य हे व्यवस्थेचे पाप नसून गरीब स्त्रीच्या चारित्र्याचा दोष आहे, हा या व्याख्येचा गर्भितार्थ आहे. गरिबी ही पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, असे ऐकत आलेल्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

या उपदेशाचे फळ काय मिळाले? सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तेरा अभ्यासक्रमांपैकी अकरांमध्ये खोटी वा दिशाभूल करणारी माहिती असल्याचे २००४ साली काँग्रेस सदस्य हेन्री वॅक्समन यांच्या अहवालाने दाखवले. अमेरिकी काँग्रेसच्याच आदेशावरून झालेल्या चार कार्यक्रमांच्या पाहणीचा निष्कर्ष २००७ साली आला. उपदेश ऐकलेली आणि न ऐकलेली मुले, दोघांच्या वागण्यात फरक पडला नव्हता. तरी अनुदान कायमचे बंद झाले नाही. २०१८ साली त्याचे नाव बदलले. ज्या गोष्टीचा उपयोग नाही तिच्यावर सरकार पैसा खर्च करत राहते, तेव्हा उपयोग दुसराच असतो.

आता आपल्याकडे पाहू. २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने नाकारला. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने आपला अहवाल दिला. विवाहापूर्वीचा संबंध अनैतिक आहे, हा संदेश मुलांना द्यावा आणि एड्ससारख्या रोगांची माहिती अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातच द्यावी, अशी त्यातील शिफारस आहे. म्हणजे शास्त्र शाखेपर्यंत जो पोचेल त्यालाच स्वतःच्या शरीराचे ज्ञान. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या मुलीचे काय? तिला पुन्हा ‘घरी वाचा’.

बालविवाह बेकायदेशीर आहे हे मुलांना सांगावे, असेही समिती म्हणते. ते योग्यच आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल त्या जोडीला मिळते. तेथे पोरीचे लग्न लवकर उरकले जाते. ‘लग्नापर्यंत थांब’ हा उपदेश तिच्या काय कामाचा? तिचे लग्नच ज्ञानाच्या आधी येऊन ठेपते. लग्नानंतर नको म्हणण्याचा, पाळणा लांबवण्याचा, रोग ओळखण्याचा मार्ग तिला कोणी सांगितलेला नसतो.

या प्रश्नाचे मूळ बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवून ठेवले आहे. कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा संबंध जातीअंतर्गत विवाहाशी जोडला. स्त्रीच्या शरीरावर पहारा ठेवल्याखेरीज जात टिकत नाही, हा त्याचा अर्थ. म्हणून आपल्याकडे ‘विवाहापर्यंत संयम’ म्हणजे प्रत्यक्षात जातीतल्या विवाहापर्यंत संयम. हा पहारा भीतीवर चालतो, आणि भीती अज्ञानावर जगते.

म्हणूनच १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरे दिली, हा कर्व्यांचा गुन्हा. खटला हरला. १९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाने आणलेला संततिनियमनाचा ठरावही फेटाळला गेला. दोन्ही पराभव झाले, पण भूमिका तीच होती: शरीराचे ज्ञान हा माणसाचा हक्क आहे.

सर्वांगीण लैंगिक शिक्षण म्हणजे स्वैराचार, हा आरोप खोटा आहे. त्यात संयम वर्ज्य नाही. थांबणे हाही त्यातला एक धडा आहे. पण त्याबरोबर शरीर, संमती, गर्भनिरोध, रोग आणि अत्याचार ओळखणे हेही त्यात येते. अशा शिक्षणाने मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत, हे युनेस्कोच्या २०१८च्या मार्गदर्शिकेने जगभरच्या अभ्यासांच्या आधारे नोंदवले आहे.

शेवटी थोडे आपल्याबद्दल. आपल्यातला शिकलेला वर्ग प्रतिष्ठित दिसण्यासाठी प्रस्थापितांचे मौन उसने घेऊ लागला आहे. आपली लेक वयात येते तेव्हा आपणही पान उलटतो. मीही उलटले आहे. एके काळी ज्यांच्या कानावर ज्ञान पडू दिले जात नव्हते, त्यांच्या वारसांनी आपल्या मुलींच्या कानांवर हात ठेवावेत, याहून मोठा पराभव कोणता? शाळेने ते पान शिकवले पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे. आणि शाळा शिकवेपर्यंत आपल्या घरात ते वाचले गेले पाहिजे. आता आपल्या घरी वाचणारे आहेत.