पेपर वाचताना: निर्वासितांना कुठल्या शहरात पाठवायचं, हे अल्गोरिदमनं ठरवावं का?

पीएच.डी.च्या मुलाखतीत तुम्हाला हमखास विचारतील, 'पेपर क्रिटिकली वाचता येतो का?' आपण मान डोलावतो. क्रिटिकली म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून आज एक पेपर घेऊन बसू. मुद्दाम चांगला घेतलाय. वाईट पेपरवर टीका करायला डोकं लागत नाही.

किर्क बान्साक आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१८ च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आला. प्रश्न सरळ आहे. अमेरिकेत येणाऱ्या निर्वासिताचे तिथं कुणी नातेवाईक नसतील, तर त्याला कुठल्या शहरात पाठवायचं हे तेव्हा पुनर्वसन संस्था ठरवत, आणि ते बरंचसं कुठं किती जागा आहे यावर ठरायचं. स्वित्झर्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्यांची २६ कँटन्समध्ये वाटणी होते. लेखकांचं म्हणणं असं की जुनी माहिती हाताशी आहेच, तर कुठल्या प्रकारच्या माणसाला कुठं नोकरी मिळते हे मशीन लर्निंगनं शिकून घेऊ आणि त्याप्रमाणे पाठवू. अमेरिकेची माहिती २०११ ते २०१६ ची, ३०,००० हून जास्त लोकांची. निष्कर्ष: नोकरी मिळण्याचं प्रमाण अमेरिकेत सुमारे ४० टक्क्यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ७० टक्क्यांनी वाढू शकतं. (४० टक्क्यांनी वाढ म्हणजे साधारण ३४ चे ४८. ३४ चे ७४ नव्हेत. हसू नका, सेमिनारमध्ये भल्याभल्यांची ही गल्लत झालेली मी पाहिली आहे.)

मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो फार आवडला होता. माझा विषय संख्याशास्त्र, त्यामुळे मॉडेल नीट बसवलंय, वेगळ्या माणसांवर तपासलंय, एवढं पाहून मी खूश. पुढं २०२४ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गमधल्या एका पुनर्वसन संस्थेत बिनपगारी इंटर्न म्हणून तीन महिने काम केलं आणि मग तोच पेपर पुन्हा काढून वाचला. दुसऱ्या खेपेला नजर मॉडेलवर गेलीच नाही. ती एका रकान्यावर अडकली: 'नोकरी आहे का? हो / नाही.' अमेरिकेच्या माहितीत हा रकाना आल्यापासून ९० व्या दिवशी भरलेला असतो.

हा रकाना भरतो कोण? माझ्यासारखा इंटर्न.

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुटुंब विमानातून उतरायच्या आधी घर तयार ठेवायचं. सरकारशी झालेल्या करारात यादीच होती: प्रत्येकाला पलंग (नवरा-बायकोला आणि लहान भावंडांना एकत्र चालतो), टेबल, माणशी एक खुर्ची, माणशी ताट-वाटी-काटा-चमचा, डबे फोडायचं ओपनर, गजराचं घड्याळ. वस्तू जुन्या चालतात, पण धड हव्यात. घरात धूर ओळखणारा अलार्म चालू हवा. पोचल्यावर लगेच खाता येईल असं, त्यांच्या चवीचं जेवण हवं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारपूस करायची, महिन्याच्या आत पुन्हा एकदा जायचं. यादी चांगली आहे. कुणीतरी खरंच विचार करून केलेली आहे.

अडचण यादीच्या आधी येते, ती म्हणजे घरच मिळत नाही. घरमालकाला पगाराच्या पावत्या हव्यात, क्रेडिटचा इतिहास हवा, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर हवा. टांझानियातल्या न्यारुगुसू छावणीतून आलेला काँगोचा माणूस कुठल्या घरमालकाचा नंबर देणार? पुण्यात खोली शोधताना 'बॅचलर चालणार नाही' ऐकून मी वैतागायचो. इथं फोनवर मीच दुसऱ्यासाठी अजिजी करत होतो, आणि सात माणसं म्हटलं की समोरून फोन बंद. एका बेडरूममध्ये दोन माणसं हा इथला सर्वसाधारण हिशेब, त्यामुळे आई-वडील आणि पाच मुलं दोन बेडरूमच्या घरात बसतच नाहीत. शेवटी तीन बेडरूमचं घर मिळालं, १,४५० डॉलर महिना. मालकानं सगळ्यात धाकट्याचं वय विचारलं आणि 'चालेल' म्हणाला, म्हणून.

वडिलांना ८८ व्या दिवशी एका गोदामात काम लागलं. कंत्राटदारामार्फत, रात्रपाळी, ताशी १५ डॉलर. दोन दिवसांनी मी फॉर्ममध्ये 'हो' लिहिलं. केसवर्करताईंनी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटावेत तशी बातमी सांगितली. ९७ व्या दिवशी त्यांनी काम सोडलं. पाळी संपायची त्या वेळेला घराकडे जाणारी बस नव्हती. कधी चालत, कधी कुणाच्या गाडीतून, असं नऊ दिवस जमवलं होतं त्यांनी.

(ही नोंद पेपरातल्या माहितीत नाही, ती माहिती २०१६ ला संपते. पण फॉर्म त्याच जातीचा आहे.)

आता पेपरकडे या. मॉडेलला जे 'यश' म्हणून शिकवलंय ते हे 'हो' आहे. १९८० च्या निर्वासित कायद्यातच लवकरात लवकर स्वावलंबन हे उद्दिष्ट घातलंय, म्हणून संस्था ९० दिवसांच्या आत काहीतरी काम लागावं यासाठी धडपडतात. कुठलं ऑफिस जास्त धडपडतं, कुठलं कमी. मग मॉडेल काय शिकतं? हे शहर या माणसाला मानवतं, की या शहरातलं ऑफिस ८८ व्या दिवशी काम लावून देण्यात तरबेज आहे? आकड्यांवरून हे वेगळं काढता येत नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे. अल्गोरिदम बरोबर चालला तरी तो राहतोच.

दुसरा मुद्दा घराचा. पेपरात प्रत्येक ठिकाणची क्षमता म्हणजे प्रत्यक्षात तिथं झालेली वाटणी. बेडरूम त्यात नाहीत, भाडं नाही. शिवाय कुटुंबाचा निकष आहे 'किमान एकाला नोकरी'. जरा हिशेब करा. ताशी १५ डॉलर, आठवड्याला ४० तास, म्हणजे महिन्याला २,६०० डॉलर, तेही कर कापायच्या आधी. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत असावं असा अमेरिकेतला रूढ निकष आहे, म्हणजे ७८०. आमचं घर १,४५० चं, जवळपास ५६ टक्के. पेनसिल्व्हेनियाच्या किमान वेतनानं, ताशी ७.२५ नं, धरलं तर महिन्याला १,२५७ डॉलर. पूर्ण पगार दिला तरी भाडं फिटत नाही. पण रकान्यात दोन्हीकडे 'हो'च. शिवाय मॉडेल शहरापर्यंत पाहतं. घर कुठल्या टेकडीवर आहे आणि बस कधी बंद होते, हे शहराच्या आतलं गणित आहे.

तिसरी गोष्ट लगेच दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये नोकरी मोजली ती तिसऱ्या वर्षी. म्हणजे एकाच पेपरात दोन घड्याळं आहेत, एक ९० दिवसांचं आणि एक तीन वर्षांचं, आणि गोषवाऱ्यात दोन्ही टक्के शेजारी शेजारी बसलेत. बातम्यांनी ते तसेच उचलले. मला विचाराल तर स्विस आकडा जास्त वजनाचा आहे.

लेखकांवर अन्याय नको. नोकरीऐवजी दुसरा कुठलाही निकष या पद्धतीत घालता येतो, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ९० दिवसांची माहितीच सगळ्यांची उपलब्ध होती, तर ते तरी काय करणार? आणि आधीची पद्धत काही फार विचारपूर्वक होती असंही नाही. ज्या दिवशी ज्या ऑफिसात जागा, तिकडे पाठवणी. त्यापेक्षा हे बरंच, असं मला अजूनही वाटतं.

यानंतर 'ॲनी मूर'वरचा पेपर वाचा. १८९२ मध्ये एलिस बेटावर सगळ्यात आधी उतरलेल्या आयरिश मुलीचं नाव दिलेलं हे सॉफ्टवेअर एचआयएएस या संस्थेसाठी केलंय. त्यातही नोकरीच मोजलीय, पण मोठं कुटुंब किंवा एकटी आई असेल तर त्यांना सांभाळू शकणाऱ्या ठिकाणीच पाठवायचं, भाषा जाणणारं कुणी तिथं हवं, अशा अटी आधीच घातल्यात. म्हणजे ऑफिसातला माणूस जे तोंडी सांगतो त्यातलं थोडं तरी समीकरणात आलंय. बेडरूमचं भाडं तिथंही नाही.

तुम्ही हे पेपर उघडाल तेव्हा आलेखांवर उडी मारू नका. आधी पुरवणी माहितीत जा, परिणामाची व्याख्या कुठं दिलीय ते शोधा, आणि तो रकाना कुणी, कितव्या दिवशी, कशावरून भरला ते वहीत लिहा. मुलाखतीत मला विचारलं असतं तर मी मॉडेलबद्दल अर्धा तास बोललो असतो. या तीन गोष्टींतली एकही मला सांगता आली नसती.