‘सौम्य बळाचा वापर’ : काही शब्द, काही मृत्यू आणि विश्वासाचा प्रश्न

(पेडगाव, ता. जि. परभणी इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

हा विषय ठेवायचं ठरलं तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, पोलिसांवर बोलणार, तेही परभणी जिल्ह्यात, जरा सांभाळून. हे ‘जरा सांभाळून’ लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. दुधाच्या भेसळीवर किंवा पीकविम्यावर व्याख्यान असतं तर हे कुणी म्हटलं नसतं.

आज पोलिसांना शिव्या घालायच्या नाहीत. आपल्याला टीका करायची आहे ती भाषेवर. पोलिसांनी बळ वापरलं की त्यानंतर सरकार, अधिकारी आणि वर्तमानपत्रं ठरावीक मराठी बोलू लागतात. ‘सौम्य बळाचा वापर केला.’ ‘अचानक छातीत दुखू लागले.’ ‘चौकशी सुरू आहे.’ ‘पोलिसांचे मनोधैर्य खचता कामा नये.’ ही चार वाक्यं आपल्याला पाठ आहेत. ती ओळीनं तपासू.

आधी घटना. १० डिसेंबर २०२४. परभणी रेल्वे स्टेशनबाहेर बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्याच्यासमोर संविधानाची प्रतिकृती होती. तिची विटंबना झाली. एका माणसाला पकडण्यात आलं. दुसऱ्या दिवशी बंद होता. त्या बंदमध्ये दगडफेक झाली, जाळपोळ झाली, दुकानांचं नुकसान झालं. हे घडलं, ते लपवायचं कारण नाही. ज्याचं दुकान फुटलं त्याचं नुकसान खरंच आहे. मग पोलिसांनी लाठीमार केला, धरपकड केली. वस्त्यांमध्ये शिरून बायाबापड्यांना मारल्याचे आरोप झाले. कोंबिंग ऑपरेशन झालंच नाही, असं सरकारनं सांगितलं.

धरलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, ३५ वर्षांचा, कायद्याचं शिक्षण घेणारा. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. १५ डिसेंबरला तो गेला. छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात नेलं, असं सांगण्यात आलं. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं. त्या अहवालात कारण आलं ते अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचं.

आता पहिलं वाक्य घेऊ. ‘सौम्य बळाचा वापर.’

कायद्यात ‘सौम्य’ असा शब्द नाही. बेकायदा जमाव पांगवण्याची कलमं पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२९ आणि १३० होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४८ आणि १४९ आहेत. त्यांचा गाभा साधा आहे : आधी पांगायला सांगा, नाही ऐकलं तर बळ वापरा, आणि सैन्य बोलवावं लागलं तर त्यानंही कमीत कमी बळानं काम भागवावं. म्हणजे मोजमाप ‘किती जोरात मारलं’ हे नाही, ‘किती गरज होती’ हे आहे. गरज संपली की बळाचा अधिकार संपला. चौकात दगड येतोय तेव्हाची काठी आणि दोन तासांनी घराचं दार उघडून घातलेली काठी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्यात बसू शकते. दुसरी कितीही हलक्या हातानं मारली तरी बसत नाही. ‘सौम्य’ शब्द काय करतो? तो आपल्याला काठीच्या वजनाबद्दल बोलायला लावतो आणि गरजेचा प्रश्न बाजूला सारतो.

महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. गाडीवर, टोपीवर आपण रोज बघतो. त्यात ‘निग्रह’ आहे. निग्रह म्हणजे आवरणं, रोखणं. शिक्षा नव्हे. आणि खल कोण हे ठरवायचं काम कोर्टाचं. ब्रीद लिहिणाऱ्यानं शब्द बरोबर निवडलाय. कोठडीतला माणूस आवरलेलाच असतो. त्याला आणखी आवरायचं काय राहिलं?

दुसरं वाक्य. ‘अचानक छातीत दुखू लागले.’ अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सोमनाथनं मॅजिस्ट्रेटपुढे मारहाणीची तक्रार केली नाही आणि सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही. दोन्ही मुद्द्यांचा प्रामाणिकपणे विचार करू.

मॅजिस्ट्रेटपुढे माणूस का बोलत नाही? त्याला तिथं आणणारे कोण, आणि तिथून परत नेणारे कोण? तेच. आपल्यापैकी ज्यांनी कोर्टात तारखेला माणसं आणलेली पाहिलीत त्यांना हे सांगायला नको. म्हणून तर डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीच्या तोंडाच्या शब्दावर सगळं सोडलं नाही. अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाईकाला कळवा, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासा, असे नियम घातले. माणूस गप्प राहिला तरी कागद बोलला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आणि सीसीटीव्ही. २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, आवाजासकट. आदेश चांगला आहे. पण कॅमेरा कुणाच्या भिंतीवर, आणि किल्ली कुणाच्या खिशात? ‘फुटेजमध्ये दिसत नाही’ याचा अर्थ ‘घडलं नाही’ असा फक्त तेव्हाच निघतो, जेव्हा एकही कोपरा, एकही मिनिट सुटलेलं नसतं आणि ते फुटेज तिसऱ्या हाताकडे असतं. शेतातल्या बांधाच्या भांडणातसुद्धा आपण एकाच बाजूच्या माणसाला मोजणी करू देत नाही.

१९८५ मध्येच विधी आयोगानं एक सुचवलं होतं. माणूस कोठडीत जखमी झाला तर त्या जखमा पोलिसांनी केल्या असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, आणि तसं नाही हे पोलिसांनी दाखवावं. कारण बंद दाराआड साक्षीदार दोनच, एक मारणारा आणि एक मार खाणारा. दुसरा मेला की साक्ष संपली. चाळीस वर्षं होत आली, कोठडीसाठी ते कलम कायद्यात आलेलं नाही.

तिसरं वाक्य. ‘चौकशी सुरू आहे.’

इथं परभणीची एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. तरुण पोरांना ती माहीत नसते. ख्वाजा युनूस. परभणीचा, २७ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी करणारा. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, त्यात त्याला डिसेंबरअखेर अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सोबतच्या आरोपीनं सांगितलं की त्याला कोठडीत बेदम मारताना आम्ही पाहिलं. उच्च न्यायालयानं तपास सीआयडीकडे दिला, तेव्हा पळून गेल्याची कहाणी टिकली नाही. स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी पुढं सुटले. चार पोलिसांवर खटला उभा राहिला, ते निलंबित झाले, आणि जून २०२० मध्ये त्यांना परत कामावर घेतलं गेलं. वीस वर्षं उलटून गेली तरी त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. मुलाचा मृतदेहही त्या आईला मिळाला नाही.

म्हणजे परभणी जिल्ह्यानं अशा दोन आया पाहिल्या. एक मुसलमान, एक वडार. दोघींनी कोर्टाची पायरी चढली. दोघींना ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर मिळालं.

सोमनाथच्या बाबतीत कायद्यानं बंधनकारक असलेली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. २०२५ च्या मार्चमध्ये बाहेर आलं की त्या अहवालात पोलिसांवर ठपका आहे. तरी गुन्हा दाखल झाला नाही. आईनं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. ४ जुलै २०२५ ला खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथंही सरकारचं ऐकलं गेलं नाही.

इथं क्षणभर थांबू. सरकार दिल्लीला गेलं ते कशाविरुद्ध? शिक्षेविरुद्ध नाही. आरोपपत्राविरुद्धही नाही. फक्त गुन्ह्याची नोंद नको म्हणून. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद करावीच लागते, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच ठरलंय. म्हैस चोरीला गेली तरी आपण ठाण्यात जाऊन ‘आधी लिहून घ्या’ म्हणतो. नोंद म्हणजे दोष सिद्ध नव्हे. ती सुरुवात आहे. कोणता पोलीस दोषी, कोणता नाही, हे आम्ही इथं ठरवणार नाही, ठरवूही नये. पण सुरुवातच व्हायला साडेसात महिने आणि देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट लागत असेल, तर विश्वास कुठं सांडला हे वेगळं शोधावं लागत नाही.

चौथं वाक्य सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात थोडं खरं आहे. ‘पोलिसांचे मनोधैर्य.’

हवालदाराची ड्युटी संपत नाही. सणाला आपण घरी, तो बंदोबस्ताला. दंगलीत पहिला दगड त्यालाच लागतो. तुकाराम ओंबळेंनी २६/११ ला हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. बळ म्हणजे काय आणि निग्रह म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण नाही : मारेकरी जिवंत हाती आला, आणि कोर्टानं त्याला शिक्षा दिली. तेव्हा आम्हाला विचाराल तर मनोधैर्य ओंबळेंच्या नावानं वाढतं. कोठडीतल्या काठीला पाठीशी घातल्यानं ते कसं वाढेल? त्यानं फक्त प्रामाणिक हवालदाराला कळतं की वर ओळख असली की चालतं.

आणि जादा बळानं शांतता तरी येते का? १ सप्टेंबर २०२३. जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी, आपल्या शेजारचं. उपोषणाच्या जागी लाठीमार झाला. तोवर राज्यात फार कुणाला त्या गावाचं नाव माहीत नव्हतं. काठी पडली आणि आंदोलन महाराष्ट्रभर गेलं. तीनच दिवसांत सरकारला क्षमा मागावी लागली. तिथं क्षमा मागितली गेली, हे चांगलंच झालं. प्रश्न इतकाच, की ती सगळ्यांच्या वाट्याला का येत नाही?

त्याआधी ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. तिथंही पुतळ्याची विटंबना, तिथंही संतापलेले लोक, आणि राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० माणसं गेली. चौकशी आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. सत्र न्यायालयाचा जन्मठेपेचा निकाल यायला २००९ उजाडलं. २७ वर्षांनी परभणीत जवळपास तशीच सुरुवात झाली. म्हणजे आपण काय शिकलो?

आता एक जण म्हणेल, मराठवाड्यात पोलिसांवर विश्वास होता तरी कधी? खरा प्रश्न आहे. आपल्याकडं जुनी माणसं १९४८ च्या सप्टेंबरला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. रझाकारांच्या जाचातून ज्यांची सुटका झाली त्यांच्यासाठी तो शब्द मुक्तीचा आहे. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत ज्या मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले, ज्यांची नोंद सुंदरलाल समितीनं केली, त्यांच्यासाठी तोच शब्द वेगळा आहे. एकाच गावात एका शब्दाच्या दोन आठवणी. म्हणून विश्वास हा सगळ्यांचा मिळून एक आकडा नसतो. ज्याला ठाण्यात खुर्ची मिळते त्याचा विश्वास वेगळा, ज्याला दारात उकिडवं बसवतात त्याचा वेगळा. पोलिसांवरचा विश्वास मोजायचा तर दुसऱ्याला विचारा.

करायचं काय? नवीन काही शोधायची गरज नाही. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण सांगितलं, राज्याला आणि जिल्ह्यालासुद्धा. महाराष्ट्रानं २०१४ च्या दुरुस्तीत जिल्ह्याच्या जागी विभाग घातला. कागदावर फरक एका शब्दाचा. पेडगावच्या मजुराला मात्र तो फरक परभणी आणि संभाजीनगर एवढा पडतो, म्हणजे दोन दिवसांच्या रोजाचा. जिल्ह्याला प्राधिकरण मागा. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूत चौकशी अहवालानंतर आपोआप नोंद मागा. फुटेज न्यायालयाच्या ताब्यात मागा. अटक झाली की कोणते कागद बनले पाहिजेत, हे गावात दोन पोरांना तरी पाठ असू द्या. बापाला नेलं तर रडायच्या आधी सही कुठं झाली ते विचारता आलं पाहिजे.

आणि ते ‘जरा सांभाळून’. आम्हाला ते सांगणारी माणसं भित्री नाहीत, अनुभवी आहेत. आपण ठाण्यात जाताना एक ओळखीचा माणूस बरोबर घेतो की नाही? सरपंच, एखादा वकील, पुढाऱ्याचा कार्यकर्ता. दवाखान्यात जाताना घेतो तो आधारासाठी, ठाण्यात जाताना घेतो तो संरक्षणासाठी. ज्या दिवशी पेडगावची एखादी बाई एकटी ठाण्यात जाऊन तक्रार लिहून येईल आणि घरचे ‘कुणाला घेऊन गेली होतीस’ असं विचारणार नाहीत, त्या दिवशी विश्वास आला म्हणू. तोवर ‘सौम्य’ वगैरे शब्द कुणी वापरले की आपण एवढंच विचारायचं : गरज काय होती, आणि कागद कुठं आहे?

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.