मोहिमेच्या सावलीतील कारभार : साष्टी-वसईच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

वसईची मोहीम हा मराठी इतिहासलेखनातील गौरवाचा विषय आहे आणि तो गौरव अनाठायी नाही. तथापि या लेखनाची दृष्टी प्रायः वेढा, सुरुंग आणि अखेरचा हल्ला यांवरच खिळून राहिली आहे. मार्च १७३७ मध्ये मराठी फौजा साष्टी बेटात उतरल्या आणि ठाण्याचा अर्धवट बांधलेला कोट त्यांच्या हाती आला. वसई शरण आली ती मे १७३९ मध्ये. मधल्या दोन वर्षांच्या बहुतांश काळात ठाणे मराठ्यांकडे, तर त्याच बेटावरील वेसावे आणि खाडीपलीकडील वसई पोर्तुगीजांकडे होती. युद्ध चालू असताना व्यापलेल्या बेटाचा कारभार कसा चालला, हा प्रश्न आपल्या अभ्यासात दुय्यम का राहिला, याची चिकित्सा येथे केली आहे.

साधनांची मांडणी

गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या सोळाव्या खंडाचा विषयच चिमाजी अप्पांची वसईची मोहीम हा आहे. या कागदांचे मोल निर्विवाद होय. परंतु ‘मोहीम’ या शीर्षकाखाली एकत्र आलेली पत्रे वाचक वेढ्याकडे नेणाऱ्या पायऱ्या म्हणूनच वाचतो. माणसे, दारूगोळा, धान्य व पैका यांविषयीचा मजकूर मग केवळ रसदीचा तपशील ठरतो. वस्तुतः हे धान्य कोणाच्या खळ्यातून आले, हाच कारभाराचा पहिला प्रश्न आहे.

पां. स. पिसुर्लेकर यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथाने गोव्याच्या दप्तरातील साधने मराठीत आणून एकांगीपणा बराच दूर केला. तरीही त्याचा मुख्य विषय दोन सत्तांचे परस्परसंबंध हा आहे. दोन्हींकडील कागद राज्यकर्त्यांचे असल्याने बेटावरील कुळे, कोळी, भंडारी आणि ख्रिस्ती रयत त्यांत ओझरतीच भेटतात.

कारभाराचा प्रश्न

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसईचा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. पुढे येथील अनेक गावे सरदारांना व धर्मसंघांना ठरावीक खंडाने दिली गेली. युद्धात हे खंडकरी परागंदा झाले, तरी भातशेती आणि कुळे जागेवरच होती. म्हणजे वसुलीचा हक्क आता ठाण्याचा कोट ज्याच्या ताब्यात, त्याचा झाला. हा ताबाही निर्वेध नव्हता. डिसेंबर १७३८ मध्ये पेद्रु द मेलु ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात मारला गेला. अशा अनिश्चित काळात रयतेपुढील पेच उघड आहे : आज एकाला दिलेला वसूल उद्या दुसरा मान्य करील काय?

या दृष्टीने वसईच्या शरणागतीची कलमे पुन्हा वाचली पाहिजेत. शिबंदीला शस्त्रांसह जाऊ देणे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मुभा देणे, ही कलमे विजेत्याचे औदार्य म्हणून सांगितली जातात. ती त्याचबरोबर नव्या सत्तेची कारभारविषयक गरजही होती. ओस पडलेल्या मुलखातून वसूल येत नाही. ज्या कलमांशी मोहिमेचे कथन संपते, तेथून शंकराजी केशव फडके यांची सरसुभेदारी सुरू होते. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. चाळीस वर्षांच्या आत एकाच बेटाने दोनदा व्यापणाऱ्या फौजेचा अंमल पाहिला. ही तुलना आपल्याकडे अद्याप पुरेशी झालेली नाही.

उत्तरेचे महाल

जानेवारी १७३९ च्या हालचालींत केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर व डहाणू ही ठाणी पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव कामी आले. ही बेटे नव्हेत, पण लष्करी अंमलाचा प्रश्न येथेही तोच होता. ग्रंथांत मात्र तारापूर हे वसईच्या वाटेवरील एक ठाणे, एवढेच उरते. शिवाय पोर्तुगीज साधने नव्या, तर इंग्रजी साधने जुन्या गणनेने तिथी देत असल्याने एकाच घटनेच्या तारखांत अकरा दिवसांचा फरक पडतो. वसईची शरणागती कोठे ५ मे, तर कोठे १६ मे अशी आढळते, ती यामुळेच. दुय्यम लेखनात या दोन्ही गणना सर्रास मिसळल्या जातात.

समारोप

मोहिमेचा गौरव कमी करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. विजयाची परीक्षा तटावर होते तशीच ती तटाखालच्या गावातही होते. गौरवाचे कथन आणि त्याला उत्तर म्हणून सांगितले जाणारे अन्यायाचे कथन, या दोहोंतही त्या गावाला स्वतःचा आवाज नाही. पालघर-बोईसर परिसरातील महाविद्यालयांच्या दारातच हे महाल आहेत. महसुली कागद, चर्चच्या नोंदी आणि गावोगावची जमिनीविषयीची स्मृती यांचे एकत्र वाचन केल्यास हा आवाज काही अंशी ऐकू येईल. ते काम स्थानिक अभ्यासकांनीच हाती घेणे इष्ट होय.