गोगलगाईचे वैद्य

जुन्या संगणकाच्या संथपणावर महाराष्ट्रात जे अफाट मौखिक वाङ्मय तयार झालं आहे, त्याची समीक्षा अजून कोणी केलेली दिसत नाही. संतवाङ्मयावर झाली, लावणीवर झाली, पोवाड्यावर झाली. पण दिवाणखान्यात "फाइल उघडायला फार वेळ लागतो हो" एवढं एक वाक्य टाकलं की पाहुणा चहाचा कप खाली ठेवून, मांडी बदलून जे काही बोलू लागतो, त्या वाङ्मयप्रकाराकडे समीक्षकांनी साफ पाठ फिरवली आहे. ही उणीव भरून काढायला मी सर्वस्वी लायक आहे. आमच्याकडे २००५ सालचा संगणक आहे, आणि या वाङ्मयाचे प्रयोग गेले दोन महिने मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो आहे. तेही स्वतःच्या घरात आणि चहा-पोहे स्वतःच्या खर्चाने!

"मग तो भंगारात का देत नाही?" असं आपण विचाराल. सगळेच विचारतात. त्याचं कारण अण्णा. आमच्या वडिलांनी निवृत्तीनंतर गावच्या घरी बसून एका बोटाने आपल्या आठवणी या संगणकात उतरवल्या. एकशे बारा फाइली. "छापून काढा की," म्हटलं तर म्हणायचे, "अजून पुरं व्हायचंय." ते पुरं झालं नाही, अण्णाच गेले. गेल्या वर्षी गावचं घर आवरलं, तेव्हा शेंगदाण्याच्या पोत्यामागे झाकून ठेवलेला हा संगणक आमच्याकडे आला.

या फाइली युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात आहेत. त्या फाँटांची गंमत अशी, की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यांना मराठी मुखवटा चढवायचं काम फाँट करतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली, तर 'माझी आई' या मथळ्याच्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविराम यांची दंगल दिसते. थोडक्यात, अण्णा त्या एका डब्यात होते, आणि डबा एकेक फाइल उघडायला चार-चार मिनिटं घेत होता.

या संथपणावरच्या वाङ्मयात मला मुख्यतः चार संप्रदाय आढळले.

पहिला सफाई संप्रदाय. आमचे साडू याचे अध्वर्यू. "यात कचरा साठलाय. झाडून काढा, पळायला लागेल." प्रतिमा घरगुती, भाषा प्रासादिक, स्त्रीवर्गात विशेष लोकप्रिय. यात तथ्य नाही असं नाही. हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनसारखी फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारा हात. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले ४ तिथे गेले. हात योग्य जागी सरकायला आणखी साधारण ९. म्हणजे सेकंदाला फार तर पंच्याहत्तर ठिकाणं. एखाद्या फाइलचे दीड हजार तुकडे तबकडीभर विखुरले असतील, तर नुसत्या हेलपाट्यांत २० सेकंद जातात. तुकडे जवळ आणले की हे हेलपाटे वाचतात. पण विंडोज एक्सपीला हे काम नीट करायला डिस्कवर निदान १५ टक्के जागा मोकळी लागते. इथवर साडूंचं काव्य उत्तम. पुढे ते 'रजिस्ट्री साफ करा' म्हणतात तिथे ते घसरतं. नोंदवहीतल्या चार मेलेल्या नोंदी खोडल्याने तबकडीवरचा हात लवकर सरकत नाही. शिवाय आमच्या डिस्कवर निम्मी जागा मोकळीच होती. स्वच्छ घरात झाडू फिरवून पाहुणे लवकर येत नाहीत!

दुसरा मेमरी संप्रदाय. याचे प्रवर्तक शेजारचे निवृत्त इंजिनियर. त्यांची रचना एकचरणी आहे: "रॅम वाढवा." यातही अर्थ आहे. ओटा लहान असला की अर्धं सामान माळ्यावर ठेवावं लागतं आणि दर फोडणीला शिडी लावावी लागते. संगणकाची मेमरी संपली की तोही सामान डिस्कवर टाकतो, आणि मग खापर डिस्कवर फुटतं. परंतु एकच साधी फाइल उघडायची आहे आणि ओटा रिकामा आहे, तिथे ओटा वाढवून काय साधणार? मंगलाष्टकं सुरेख असतात, म्हणून बारशाला म्हणत नाहीत.

तिसरा संन्यासमार्ग. पुरस्कर्ता आमचा भाचा. "मामा, फॉरमॅट मारू. अर्ध्या तासात नवीन!" शैली तरुण, ओघवती, आणि शेवट शोकान्त. फॉरमॅट मारल्यावर संगणक चपळ होतो हे खरं. ज्याला काहीच आठवत नाही तो चपळच असतो! भाचा बाह्या सरसावून पुढे झाला, तेव्हा आमची ही हातातल्या झाऱ्यासकट संगणकाच्या आड उभी राहिली. "अण्णांना हात लावून तर बघ," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी भाचा जेवायला थांबला नाही.

चौथा 'नवाच घ्या' संप्रदाय. हे श्रीमंतांचं वाङ्मय. त्याला वास्तवाचा पाया पक्का आहे. एसएसडी नावाच्या डिस्कला तबकडीही नाही आणि हातही नाही. हव्या त्या जागी पोचायला तिला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. (तिच्यावर मात्र तुकडे जुळवायचे उपचार करू नयेत, फायदा नाही, उलट झीज.) या संप्रदायाची मर्यादा इतकीच, की नव्या संगणकात सगळं मिळतं, फक्त अण्णा मिळत नाहीत.

या चारही संप्रदायांत गुण आहेत. दोष एकच, पण तो मुळातला आहे. यांपैकी एकानेही मला प्रश्न विचारला नाही. प्रत्येकाजवळ मात्रा आधीपासून उगाळलेली होती. रोग्याने फक्त जीभ बाहेर काढायची!

शेवटी दुरुस्तीच्या दुकानातून एक मुलगी आली. पाठीला पिशवी, चहाला नकार. तिने बसायच्या आधीच विचारलं, "काका, सगळंच हळू चालतं, की फक्त फाइली? कधीपासून? टकटक आवाज येतो का?" आणि मग चौथा प्रश्न: "यातलं काय गेलं तर चालणार नाही?" वाङ्मयसमीक्षेच्या भाषेत याला आशयाला भिडणं म्हणतात.

तिने आधी कुठलाही उपाय केला नाही. डिस्क बाहेर काढली, आपल्या यंत्राला आपल्या केबलने जोडली, आणि अण्णांच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या. त्या मुखवट्यांसकट, म्हणजे फाँटची फाइलसुद्धा. एकशे नऊ फाइली भराभर आल्या. तीन अडखळल्या. तिथे तबकडीवरच्या जागा कमजोर झाल्या होत्या. असं झालं की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि बाहेरून आपल्याला वाटतं की ती आळशीपणा करते आहे. त्या तिघींपायी आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. आल्या.

मग ती निदानाकडे वळली. तिच्या केबलवर जी डिस्क पळत होती, ती आमच्या केबलवर रांगत होती. तेव्हा मुख्य चोर केबल. एक्सपीचा एक नियम आहे: डिस्कशी बोलताना एकूण सहा चुका झाल्या, की तो वेग पायरीपायरीने उतरवतो, आणि चुका चालूच राहिल्या तर शेवटी पीआयओ नावाच्या सर्वांत खालच्या पद्धतीवर आणून बसवतो. वरच्या पद्धतीत माल डिस्कवरून परस्पर मेमरीत जातो. पीआयओत प्रोसेसरला एकेक नग स्वतः उचलून न्यावा लागतो. नियमात खोट नाही. पण सहा मेमो मिळालेल्या कारकुनाला पुन्हा बढती मिळायची, तर वरून कोणी तरी फाइल हलवावी लागते. तिने केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून ती वाहिनी काढून टाकली आणि संगणक पुन्हा सुरू केला. एक्सपीने वाहिनी नव्याने ओळखली आणि कारकुनाला मूळ जागेवर घेतलं. जाता जाता तिने ड्राइव्हमधून चरे पडलेली आरत्यांची सीडी काढली. 'माय कॉम्प्युटर' उघडताना संगणक दर वेळी तिची वाट बघत थांबत होता. फाइली उघडायला लागल्या, पण ती म्हणाली, "काका, डिस्क थकलीये. आता हिच्यावर नवीन काही ठेवू नका."

तिच्या सांगण्याला आधार आहे. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखावर डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचनचूक आढळली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, असं त्यात दिसलं. पण बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. म्हणजे हळू चालणारी डिस्क त्यातल्या त्यात सज्जन. ती निदान दाराशी रेंगाळते, चप्पल शोधते, "येते हं," म्हणते. बाकीच्या न सांगता जातात.

तिच्या कृतीला वाङ्मय म्हणून फारसे गुण देता येत नाहीत. अलंकार नाहीत, पाल्हाळ नाही, श्रोत्यांना मान डोलवायला जागा नाही. साडूंना ही हकीकत सांगितली, तर ते म्हणाले, "केबल? यात काही मजा नाही!" मजा नव्हतीच. पण साहित्यात एक जुना नियम आहे, की संहिता हाती असल्याशिवाय समीक्षेला बसू नये. चारही संप्रदायांनी एवढा नियम पाळला, तर त्यांची बाकीची रचना मी आनंदाने ऐकेन. आधी संहितेची दुसरी प्रत काढावी. मग हवं ते झाडा, वाढवा, पुसा, नाही तर नवं आणा.