आरमार, कारागीर आणि आपले वाचन

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. गोव्याच्या दफ्तरातील कागदांवर उभ्या असलेल्या या अभ्यासामुळे शिवकालीन आरमाराच्या आरंभाची चर्चा पक्क्या पायावर आली. परंतु त्या आरंभातील एक प्रसंग आपल्या स्मरणिकांतून आणि व्याख्यानांतून ज्या रीतीने सांगितला जातो, ती रीत आम्हांस मान्य नाही.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर, म्हणजे आपल्या जन्मस्थानाच्या पायथ्याचीच पेठ, लुटली. आणि त्याच वर्षी कल्याण-भिवंडी घेतली. खाडीकाठी गलबते बांधू लागली. त्या कामावर वसईकडील रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा पुत्र फर्नांव हे होते. रोख जंजिऱ्याच्या सिद्दीवर आहे, असे सांगण्यात येत होते. पण पोर्तुगीज अधिकारी धास्तावले. १६५९ साली वसईच्या कॅप्टनने या मंडळींना काम सोडावयास लावले. बायकामुले व नोकरचाकर धरून ती ३४० माणसे होती.

यावर आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते. कोणी अभिमानाने म्हणतो, मराठ्यांचे आरमार आमच्या धर्मबांधवांनी उभारले. कोणी टोमणा मारतो, ऐन वेळी ते पळाले. दोघांनीही ३४० हा आकडा नीट वाचलेला नाही. ज्या आकड्यात बायकामुले येतात तो फौजेचा आकडा नव्हे. ती मजुरीसाठी आलेली कुटुंबे होती. ज्यांचे घर आणि देऊळ वसईच्या अमलाखाली, त्यांनी तेथील कॅप्टनचा शब्द मोडावा, ही अपेक्षा आज घरात बसून करणे सोपे आहे.

अभिमानाचा दावाही टिकत नाही. माणसे गेली, पण काम थांबले नाही. १६६५ साली महाराजांचा काफिला थेट बसरूरपर्यंत गेला. याचा अर्थ आम्ही असा लावतो, की तासणी-जोडणीची विद्या कोणा एका जातीच्या वा धर्माच्या गाठोड्यात बांधलेली नव्हती. ती किनाऱ्याची होती.

आणि किनारा तरी घाटापासून तुटलेला कोठे होता? जुन्नर-आंबेगावच्या वाचकांस समुद्र परका वाटतो, हे आम्हांस नवल वाटते. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा तो दगडी रांजण याच वाटेवर आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. भीमाशंकरावरूनही पायवाटा कोकणात उतरतात. घाटमाथ्याचा माल नसता, तर कल्याणच्या बंदरास गलबते कशासाठी लागली असती?

ऱ्हासाविषयी तर आपले लेखन फारच भाबडे आहे. राजा गेला आणि जहाजे गेली, असे एका वाक्यात उरकले जाते. वास्तविक लाकडाची काळजी फार आधीपासून होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून खरेदी करावे, रयतेच्या आंबा-फणसास मात्र हात लावू नये, असा दंडक आहे. कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. पुढे राज्य इंग्रजांचे झाले, तरी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. लाकडी जहाजांचा जमाना संपविला तो लोखंडाने आणि वाफेने. कोणा एका पराभवाने नव्हे.

पिसुर्लेकरांच्या ग्रंथाविषयी आमची तक्रार एवढीच, की त्यात दरबार दिसतो, पत्रे दिसतात, जहाज मात्र दिसत नाही. फळ्यांच्या खाचा कशा जुळवीत, सांध्यांत कापूस आणि राळ कशी भरीत, हे कॅप्टनच्या पत्रांत कोठून यावे? ते वसई-उत्तनच्या वृद्ध सुतारांना विचारावे लागेल. तेथेही लाकडी होडीची जागा फायबर घेऊ लागले आहे, आणि आपल्या स्मरणिकांत अजून त्यांच्यापैकी एकाचीही मुलाखत आमच्या वाचनात आलेली नाही.